दगड-मातीच्या जुन्या घराला सिमेंटचा गिलावा करताय? आधी हे वाचा!

परंडा : परंड्याचा भुईकोट किल्ला बहामनी काळातला. पोर्टलँड सिमेंटचे पेटंट मात्र १८२४ मधले. त्याआधी बांधकामाची मदार होती ती चुन्यावर. आज जुन्या वाड्यांना आणि माळवदाच्या घरांना सर्रास सिमेंटचा गिलावा केला जातो. दोन-चार पावसाळ्यांत तो फुगतो, पोपडे निघतात. असे का होते?

सिमेंटचे काय चुकते?
दगड-मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते. चुन्याच्या सूक्ष्म छिद्रांतून ती वाफ होऊन निघून जाते. सिमेंटचा थर कडक आणि घट्ट असतो, त्यामुळे ओल आतच कोंडते. माती भुसभुशीत होते, भिंतीला लोणा लागतो. बाहेरून मात्र भिंत ठणठणीत दिसते. खरा धोका हाच.

चुना घट्ट कसा होतो?
चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विझवतात. भिंतीवर लावल्यावर हाच चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा शोषतो आणि हळूहळू दगडासारखा होतो. त्यासाठी थोडा ओलावा लागतो.

काम कधी काढावे?
युरोपातल्या थंड प्रदेशांत पारा ५ अंशांखाली गेला की चुन्याचे काम थांबवतात. ओला थर गोठून फुटतो. मराठवाड्यात अडचण उलटी. एप्रिल-मेच्या उन्हात थर घट्ट होण्याआधीच वाळतो आणि तडकतो. पावसाळा संपल्यानंतरचे महिने सोयीचे.

काय काळजी घ्यावी?
- आधी जुना सैल थर काढा, दरजा भरा, भिंत भिजवा.
- साधारण १ भाग चुना, ३ भाग स्वच्छ वाळू घ्या.
- एकच जाड थर नको. पातळ थर द्या, मध्ये काही दिवस जाऊ द्या.
- ओले गोणपाट लावून ऊन अडवा.
- चुना विझवताना तो उकळतो. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे हवेतच.

गिलाव्याने भिंत मजबूत होते का?
नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जड भिंती कोसळूनच मोठी जीवितहानी झाली. भिंत फुगली असेल किंवा कोपरा सुटला असेल, तर आधी अभियंत्याला दाखवा. गिलावा नंतर.