‘नेर’ : खानदेशी ग्रामनामांतील एका लघुपदाची व्युत्पत्ती

साक्री तालुक्यातील पिंपळनेर, जळगाव जिल्ह्यातील अमळनेर व जामनेर, धुळ्याजवळचे नुसतेच ‘नेर’. खानदेशातील ग्रामनामांत हे लघुपद पुनःपुन्हा आढळते. पिंपळनेर व नेर पांझरेच्या काठी, अमळनेर बोरीच्या काठी. त्यामुळे ‘नेर’ म्हणजे ‘नीर’, अर्थात पाणी, अशी उपपत्ती सहज सुचते व ती लोकप्रियही आहे. परंतु जुनी गावे बहुधा नदीकाठीच वसत. शिवाय राजस्थानच्या वाळवंटातील बिकानेरला नदी नाही.

‘नेर’चे मूळ संस्कृत ‘नगर’ या शब्दात शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. प्राकृतात दोन स्वरांमधील ‘ग’ लोप पावून ‘णअर’, यश्रुतीने ‘णयर’ आणि पुढे ‘अय’चा संकोच होऊन ‘नेर’ असा हा क्रम आहे. ‘कदली’ची ‘केळ’ याच वाटेने झाली. सर्वांत बोलका पुरावा मात्र धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावाचा. टॉलेमीला ठाऊक असलेले हे व्यापारी केंद्र म्हणजे प्राचीन ‘तगर’. ‘तगर’चे ‘तेर’ होते, तेथे ‘नगर’चे ‘नेर’ होण्यात नवल नाही.

तमिळमध्ये ‘नकर’ म्हणजे घर, वाडा आणि नगरही. त्यावरून ‘नगर’ हा शब्दच मूळ द्राविड मानणारे अभ्यासक आहेत. तो वाद मिटलेला नाही. हिब्रू भाषेत ‘नेर’ म्हणजे दिवा. तेथे केवळ ध्वनिसाम्य आहे, नाते नाही.

पिंपळनेर म्हणजे पिंपळांचे नगर, हा अर्थ यातून संभवतो. तथापि प्रत्येक ‘नेर’ नगरच होते असे गृहीत धरू नये. ताम्रपट वा जुन्या दस्तऐवजांतील पूर्वरूप हाती आल्याविना एखाद्या गावाविषयी निर्णय देता येत नाही.