रेडिओवरचा आवाज कोणाचा?

आमच्या हिंगणघाटच्या वस्तीत वर्तमानपत्र एक यायचे आणि वाचणाराही एकच असायचा. बाकीचे भोवती बसून ऐकत. 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत' यांचे अंकही खेडोपाडी असेच पोचले. ज्याच्या हाती अक्षर नाही त्याचे ज्ञान कानावाटे येते. म्हणून रेडिओवर कोण बोलतो, याची चौकशी आपण करायला हवी.

भारतात नियमित प्रक्षेपण सुरू झाले ते मुंबईत, २३ जुलै १९२७ रोजी, एका खासगी कंपनीच्या केंद्रावरून. चारच महिन्यांपूर्वी, २० मार्चला, बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते. या दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. रेडिओच्या लहरींना गावकूस अडवू शकत नव्हते. परवान्याचे वर्षाचे १० रुपये मात्र अडवत होते. यंत्राची किंमत तर वेगळीच. ती कंपनी १९३० मध्ये बुडाली, कारभार सरकारकडे गेला आणि १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आले.

नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ चे. तेव्हा नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. हे केंद्र मध्यम लहरींवर, ५८५ किलोहर्ट्झवर लागते. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या टप्प्यात सरळ जातात. मध्यम लहरी जमिनीला धरून दूरवर पसरतात. त्यामुळे नागपूरपासून सुमारे पाऊणशे किलोमीटरवरच्या आमच्या घरात साध्या ट्रान्झिस्टरवर हे केंद्र स्वच्छ ऐकू येई. माझ्या बापाने जिनिंगमधल्या हमालीतून तो घेतला होता. सेल संपले की माय ते उन्हात वाळत घाली आणि आणखी दोन दिवस काढी. बातम्या, बाजारभाव, शेतीची माहिती, गाणी, सगळे ती ऐके. एकदा म्हणाली, "ह्या डब्यात आपल्यावानी कोनीच कसं बोलत नाई रे?"

याचे उत्तर केंद्राच्या दारातच मिळते. भाषण करायचे तर आधी लेखी संहिता द्यायची. गायचे तर ध्वनिचाचणी आणि मग श्रेणी. निवेदक व्हायचे तर उच्चारांची परीक्षा. नियम सर्वांना सारखेच, पण ते कोणाच्या जिभेच्या मापाने कापले आहेत? मीही अशी एक परीक्षा दिली, कुठे ते सांगत नाही. 'पाणी' माझ्या तोंडून 'पानी' आले आणि समोरचे गृहस्थ हसले. मी आज महाविद्यालयात मराठीच शिकवतो!

वाद्यांचीही अशीच गत. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. शास्त्रीय संगीताच्या शुद्धतेसाठी ती घातली गेली आणि १९७१ च्या सुमारास कुठे ती सैल झाली. आता आंबेडकरी जलसा आणि भीमगीतांची मंडळी डोळ्यांपुढे आणा. ढोलकीशेजारी पेटी असतेच. आपल्याला दूर ठेवण्यासाठीच ती बंदी होती असे मी म्हणणार नाही. पण शुद्धतेचा नियम कोणीही केला तरी त्याचा पहिला फटका कोणाला बसतो, हे आपल्याला नवे नाही.

पुणे केंद्राने १ एप्रिल १९५५ ते १९ एप्रिल १९५६ या काळात 'गीतरामायण' प्रसारित केले. ५६ गीते, वर्षभराचा काळ. त्याच १९५६ च्या ऑक्टोबरात नागपुरात लाखो माणसांनी बुद्धाचा धम्म स्वीकारला. कवी-गायकांच्या गुणवत्तेबद्दल माझी तक्रार नाही. प्रश्न एवढाच की एका कथेला वर्षभराची जागा द्यायची, हे ठरवणाऱ्यांच्या टेबलाशी आपला कोण बसला होता?

तरी दार अगदीच बंद होते असेही नाही. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी याच आकाशवाणीवरून बाबासाहेबांनी आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगितले. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतली नसून आपला गुरू बुद्ध याच्या शिकवणुकीतून घेतली आहेत, असे ते म्हणाले. धम्मदीक्षेच्या दोन वर्षे आधी सरकारी रेडिओवरून हा विचार देशात गेला. विद्यार्थ्यांनी ते भाषण मिळवून वाचावे.

पुढे १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीवर जाहिराती आल्या. मुंबई, पुणे आणि नागपूर ही आरंभीची केंद्रे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. तळे सार्वजनिक असल्याचे ठरल्यावरही पाणी घ्यायला जावेच लागते. २००६ च्या धोरणाने तशी वाट करून दिली: नोंदणीकृत आणि किमान ३ वर्षे समाजकार्य केलेली संस्था स्वतःचे सामुदायिक केंद्र मागू शकते. प्रक्षेपकाची शक्ती १०० वॉट, म्हणजे तालुक्याचा काही भाग. निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झाले पाहिजेत.

तेलंगणात जहीराबादजवळ माचनूर येथे १५ ऑक्टोबर २००८ पासून 'संघम रेडिओ' चालू झाला. तो चालवला दलित बायकांनी. शेतात राबणाऱ्या या बायकांनी मायक्रोफोन धरला, ध्वनिमुद्रण केले, त्यांच्याच तेलुगू बोलीत बी-बियाण्यांविषयी सांगितले आणि गाणी म्हटली. आमच्या महाविद्यालयातल्या दोन विद्यार्थ्यांना मी माचनूरला जाऊन यायला सांगितले आहे. त्यांच्या भाड्याची सोय अजून व्हायची आहे.