बिळात कॅमेरा लावला, पण मोजायचं काय?

"डेटा भरपूर आहे, आता त्यातून विषय शोधायचा." संशोधनाच्या वाटेवर असलेल्या मुलामुलींकडून हे वाक्य हमखास ऐकू येतं. तुमच्याही डोक्यात असं काही चालू असेल, तर आजचा लेख तुमच्यासाठी. उदाहरण आहे अटलांटिक महासागरातल्या बर्म्युडा बेटांवरच्या एका पक्ष्याचं.

पक्ष्याचं नाव काहाव, म्हणजेच बर्म्युडा पेट्रेल. हा समुद्रपक्षी फक्त बर्म्युडात वीण करतो, तीही बिळात. जमिनीवर येतो तो रात्रीच. १६२०च्या दशकापासून तो नामशेष झाला असंच सगळे धरून चालले होते. पण १९५१ मध्ये रॉबर्ट कुशमन मर्फी आणि लुई मोब्रे यांना तो काही खडकाळ बेटांवर जिवंत सापडला. त्या मोहिमेत डेव्हिड विंगेट नावाचा एक शाळकरी मुलगाही होता. पुढे याच विंगेट यांनी आपलं आयुष्य या पक्ष्याला वाहिलं. १९६०च्या आसपास मोजणी झाली तेव्हा जोड्या होत्या फक्त १८. आज त्या दीडशेच्या पुढे गेल्या आहेत.

आता नॉनसच नावाच्या बेटावर माणसाने बांधलेल्या एका बिळात इन्फ्रारेड कॅमेरा बसवलेला आहे, आणि आतलं दृश्य कुणालाही घरबसल्या थेट बघता येतं. जानेवारीत एकच अंडं, मार्चच्या सुमारास पिल्लू, आणि मे-जूनमध्ये ते पिल्लू समुद्राकडे झेपावतं. बघायला लागलात की उठवत नाही! पण बघणं आणि निरीक्षण करणं यात फरक आहे, आणि आपल्याला त्या फरकाचीच पदवी मिळते.

कॅमेऱ्याला काय दिसतं?

एक साधा प्रश्न घेऊ: पिल्लाला पुरेसं अन्न मिळतंय का?

तुम्ही रात्रभराचं चित्रीकरण बघितलं आणि नोंद केली: "आज दोनदा भरवलं." छान. पण भरवलं म्हणजे नक्की काय? पालक बिळात आला, की त्याने चोच पिल्लाच्या चोचीला लावली, की पिल्लाने खरंच काही गिळलं? तुमची व्याख्या एक आणि तुमच्या मैत्रिणीची दुसरी असेल, तर एकाच रात्रीचे दोन आकडे येतील. म्हणून मोजायच्या आधी वर्तनांची यादी करायची आणि प्रत्येकाची व्याख्या लिहून काढायची. तिला इथोग्राम म्हणतात. मग दोघांनी एकमेकांची वही न बघता तोच तुकडा नोंदवायचा आणि नोंदी किती जुळतात ते तपासायचं. त्यासाठी कोहेनचा कॅपा नावाचं मोजमाप वापरतात. कधी आणि किती वेळ बघायचं, याचे नियम जीन ऑल्टमन यांच्या १९७४च्या प्रसिद्ध लेखात मिळतील. तो वाचल्याशिवाय वर्तनाच्या अभ्यासाला हात घालू नका.

आता पुढची पायरी. व्याख्या पक्की झाली तरी कॅमेरा फेऱ्या मोजतो, अन्न नाही. एका फेरीत पोटभर मासे-माखली आणली की घोटभर, हे चित्रात कळत नाही. त्यासाठी पिल्लू तराजूवर ठेवावं लागतं. काहावच्या कृत्रिम बिळांना वरून उघडणारं झाकण असतं ते याचसाठी. जेरेमी मेडेरोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिवसा, पालक समुद्रावर असताना, पिल्लांचं वजन आणि पंखांची लांबी घेतली आहे. म्हणजे रात्री कॅमेरा, दिवसा तराजू. दोन्ही मिळून एका प्रश्नाचं उत्तर तयार होतं.

शून्य आणि कोरी जागा

समजा, वादळाच्या रात्री वीज किंवा नेट गेलं. सकाळी तक्त्यात तुम्ही त्या रात्रीपुढे काय लिहाल? "० फेऱ्या" लिहिलंत तर पक्षी आला नाही असा अर्थ होतो. "नोंद नाही" लिहिलंत तर आपल्याला माहीत नाही असा होतो. एका अक्षराचा खेळ, पण निष्कर्ष उलटा होऊ शकतो.

आणखी एक गोम बघा. कॅमेरा बंद पडतो तो बहुतेकदा खराब हवेतच, आणि पालकांच्या येण्या-जाण्यावर परिणाम होण्याची शक्यताही त्याच हवेत जास्त. म्हणजे हरवलेल्या रात्री कुठल्याही नसतात. नेमक्या महत्त्वाच्या असतात. उरलेल्या रात्रींची सरासरी काढून मोकळं होता येत नाही. तुमचा विषय बिबट्या असो, ओढ्यातलं पाणी असो की दवाखान्यातल्या नोंदी असोत, हा घोळ तिथेही भेटणारच.

हजार तास, पण बीळ एकच

हजार तासांचं चित्रीकरण ऐकायला दणदणीत वाटतं. पण ते हजार तास एकाच जोडीचे आहेत. त्यावरून "काहाव असं वागतो" म्हणता येत नाही. "ही जोडी असं वागली" एवढंच म्हणता येतं. एकाच घरातल्या माणसाला हजार प्रश्न विचारले म्हणजे गावाचं सर्वेक्षण होत नाही ना, तसंच. या चुकीला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात, आणि स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये ती इतकी सविस्तर मांडली की आजही मुलाखतीत तिच्यावर प्रश्न येतो. शिवाय कॅमेऱ्याचं बीळ चिठ्ठी टाकून निवडलेलं नसतं. जिथे तार पोचते आणि जोडी टिकून आहे, तिथेच तो लागतो.

मग संपूर्ण जातीबद्दल कसं कळतं? याचं उत्तम उदाहरण काहावच्याच इतिहासात आहे. चार्ल्स वुर्स्टर आणि विंगेट यांनी १९६८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक लेख लिहिला. आधीच्या दहा वर्षांत काहावची पिल्लं होण्याचं प्रमाण दरवर्षी सुमारे ३.२५ टक्क्यांनी घसरत होतं, आणि अंड्यांत व पिल्लांत डीडीटीचे अंश सापडले होते. शेतीपासून लांब, भर समुद्रात जेवणाऱ्या पक्ष्यात डीडीटी! घसरण अशीच चालू राहिली असती तर १९७८ पर्यंत एकही पिल्लू जगलं नसतं, असा त्यांचा हिशेब होता. हे कुठल्याही कॅमेऱ्याने दाखवलं नाही. माहीत असलेली बिळं वर्षानुवर्षं तपासून, प्रत्येकात पिल्लू झालं की नाही एवढंच लिहून ठेवल्याने ते दिसलं.

म्हणून कॅमेरा कमी दर्जाचा ठरतो का? मुळीच नाही. अंडं नेमकं कधी फुटलं, उबवायची पाळी कुणी किती दिवस केली, हे बीळ न उघडता फक्त त्यालाच कळतं. लीचचं स्टॉर्म पेट्रेल नावाचा भलताच पाहुणा काहावच्या बिळात शिरताना दिसला, तोही कॅमेऱ्यामुळेच. अशी दृश्यं नवे प्रश्न सुचवतात. उत्तरासाठी मात्र पुन्हा अनेक बिळांकडेच जावं लागतं.

एक गृहपाठ देते. अशा कुठल्याही थेट कॅमेऱ्याचं दहा मिनिटांचं चित्रीकरण घ्या. आधी एक प्रश्न एका वाक्यात लिहा. मग तीन वर्तनांच्या व्याख्या लिहा. मग मित्रासोबत वेगवेगळं मोजा आणि आकडे जुळवा. जुळणार नाहीत, तेव्हा मित्राशी भांडू नका. व्याख्या पुन्हा लिहायला बसा. मार्गदर्शकांकडे विषय घेऊन जाल तेव्हा "डेटा किती आहे" याआधी "प्रश्न काय आहे" असंच विचारलं जाईल, आणि त्या दिवशी ही दहा मिनिटं कामाला येतील.