किंमत असते ती ठोकलेल्या आकड्यांची

पन्नास वर्षांहून जुनी गाडी परवान्याशिवाय आयात करता येईल, हा बदल 2025 मध्ये जाहीर झाल्यापासून पुण्यातल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये जग्वार ई-टाइप आणि सुरुवातीच्या पोर्शे 911 यांचीच चर्चा आहे. याआधी ही मुभा फक्त 1950 पूर्वीच्या गाड्यांना होती, त्यामुळे साठच्या दशकातल्या देखण्या स्पोर्ट्स कार बाहेरच राहत. बदल स्वागतार्ह आहे. पण सीमाशुल्क आणि इतर कर मिळून गाडीच्या मूळ किमतीहून जास्त भरावे लागतात. परदेशातल्या लिलावात बोली लावताना अंदाज चुकला, तर तो चुकलेला अंदाज इथल्या बंदरावर दुपटीहून महाग पडतो.

लिलावातली किंमत कशावर ठरते? चाकणला कारखाना असलेल्या मर्सिडीज-बेंझनेच 5 मे 2022 रोजी श्टुटगार्टच्या आपल्या संग्रहालयात 1955 सालची 300 एसएलआर उलेनहाउट कूपे विकली. किंमत आली साडेतेरा कोटी युरो, म्हणजे त्या वेळचे जवळजवळ 1,100 कोटी रुपये. जगात अशा दोनच गाड्या बनल्या आणि दोन्ही तोवर कंपनीकडेच होत्या. वंशावळीत शंकेला जागाच नव्हती. त्याच घराण्यातली पंखांसारखी दारे असलेली 300 एसएल बघा. अशा 1,400 बनल्या, त्यातल्या अवघ्या 29 संपूर्ण ॲल्युमिनियमच्या अंगाच्या. त्यातली एक जानेवारी 2022 मध्ये ॲरिझोनात 68 लाख डॉलरला गेली. पोलादी पत्र्याची बहीण सहसा त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. डोळ्यांना दोघी सारख्याच दिसतात. फरक सांगतो तो चेसिस नंबर आणि कारखान्याची नोंदवही.

इथेच मला भोसरी एमआयडीसीतले एक निवृत्त मिस्त्री सर्वांत मोठे जाणकार वाटतात. त्यांची सारी नोकरी प्रेस शॉप आणि बॉडी शॉपमध्ये गेली. हौशी मालक गाडी घेण्याआधी त्यांना दाखवायला नेतात. ते रंगाकडे बघतच नाहीत. आधी बॉनेट उघडून चेसिस नंबरवर अंगठ्याचे नख फिरवतात. पंच मारून ठोकलेल्या आकड्याच्या कडेला धातू किंचित वर आलेला असतो आणि तो नखाला लागतो. ग्राइंडर मारून जुना नंबर घालवला असेल तर आसपासचा पत्रा गुळगुळीत लागतो आणि तिरप्या उजेडात ओरखड्यांच्या बारीक रेषा दिसतात. मग फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक दाराच्या खालच्या कडेवरून फिरते. जिथे ते धरत नाही, तिथे पत्रा सडलेला आणि वर पुटी भरलेली. शेवटी गालिचा उचलून ते स्पॉट वेल्ड मोजतात. कारखान्यातले टाके ठरावीक अंतरावर आणि एकाच मापाचे पडतात. गॅसने जोडलेला तुकडा लगेच ओळखू येतो. "रंग कोणीही मारतो हो, टाके बघा," असे ते म्हणतात. परदेशातले लिलावगृह गाडीचे चकचकीत वर्णन छापते, विकणाऱ्याशी मिळून राखीव किंमत ठरवते, हातोडा पडल्यावर वर आपले कमिशन लावते. पण या माणसाची दहा मिनिटे मला त्या छापील वर्णनाहून मोलाची वाटतात.

आपल्याकडे या मूळपणाचे फार नुकसान झाले आहे. पेट्रोल परवडेना तेव्हा कित्येक जुन्या परदेशी गाड्यांत मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवले गेले. आकुर्डीतल्या बजाज टेम्पोची ती मॅटाडोर. इंजिन दणकट होते, गाड्या चालत राहिल्या. संग्राहकाच्या लेखी मात्र त्यांची किंमत कोसळली, कारण मूळ इंजिन भंगारात गेले होते.

नंबराचे महत्त्व आपल्या डीसी अवंतीच्या प्रकरणाने वेगळ्या तऱ्हेने दाखवले. दिलीप छाब्रिया यांच्या कंपनीने 2012 च्या ऑटो एक्स्पोमध्ये मांडलेली ही देशी स्पोर्ट्स कार. इंजिन रेनोचे, दोन लिटरचे. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी छाब्रिया यांना अटक केली. एकाच गाडीवर अनेक कर्जे, एकाच चेसिस व इंजिन नंबरवर एकाहून जास्त नोंदण्या, असे आरोप झाले. खरेखोटे न्यायालय ठरवील. पण आज कोणी अवंती विकायला काढली, तर गिऱ्हाईक पहिला प्रश्न नंबराचाच विचारणार, आणि प्रामाणिक मालकालाही तो चुकणार नाही.

2021 च्या व्हिंटेज नियमांतही हेच सूत्र आहे. पन्नास वर्षे पूर्ण झालेली आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरबदल न झालेली गाडीच 'व्हीए' मालिकेतल्या नंबराला पात्र ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये.

पिंपरीत 1991 पासून टाटा सिएरा बनली. टाटांच्याच टेल्कोच्या आवारात 1995 मध्ये भारतातली पहिली मर्सिडीज ई-क्लास जोडली गेली. त्या गाड्या आणि त्यांच्या लाईनवर काम केलेली माणसे आजही आपल्या परिसरात आहेत. कंपन्यांनी त्या काळच्या नोंदवह्या रद्दीत न घालता मालकांना नंबरावरून दाखले द्यावेत, ही माझी आग्रहाची मागणी आहे. आणि ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे त्यांनी पहिले आरसी बुक, शोरूमची पावती, सर्व्हिस बुक, काढून ठेवलेला जुना सुटा भाग, यातले काहीही टाकू नये. पहिली सिएरा 2041 मध्ये पन्नाशीची होईल आणि पहिली ई-क्लास 2045 मध्ये. तेव्हा ही कागदपत्रे नव्याने बनवता येणार नाहीत.