जबानीतील तफावत

छळाच्या भयाने स्वदेश सोडून परक्या राज्यात आश्रय मागणाऱ्या मनुष्यापाशी लेखी पुरावा बहुधा नसतो. त्याची स्मृती हाच त्याचा दस्तऐवज, आणि दोन जबान्यांत तफावत आढळली की अर्जदार असत्य बोलतो असे अनुमान काढून अंमलदार पुष्कळदा मोकळा होतो. हे अनुमान शास्त्राच्या कसोटीस कितपत उतरते, हे जेन हर्लिही व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये आलेल्या कोसोव्हो व बोस्निया येथील ३९ निर्वासितांच्या दोनदा मुलाखती घेऊन तपासले आणि २००२ साली प्रसिद्ध केले. या मंडळींना वास्तव्याची परवानगी आधीच मिळाली असल्याने खोटे बोलण्याचे त्यांना प्रयोजन नव्हते. तथापि एकाच प्रसंगाच्या दोन कथनांत विसंगती सर्रास आढळल्या, आणि त्याही मूळ घटनेपेक्षा आनुषंगिक तपशिलांत अधिक. प्राणसंकटात चित्त संकटावरच खिळते. वार, तारीख, भिंतीचा रंग यांची नोंद ते कोठून ठेवणार? आघातोत्तर मनोविकाराने अधिक ग्रस्त असलेल्यांच्या बाबतीत तर दोन मुलाखतींमधील अंतर जितके लांबले, तितकी तफावत वाढली. मला हीच गोष्ट विशेष बोचते. कारण विलंब दप्तराचा आणि शिक्षा मात्र अर्जदारास, असा हा उफराटा न्याय होय. वस्तुतः, अर्जदाराने प्रामाणिक प्रयत्न केला असून त्याचे कथन एकंदरीत विश्वसनीय असेल, तर संशयाचा फायदा त्यास द्यावा, असे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाने १९७९ सालच्या आपल्या मार्गदर्शिकेतच नमूद केले आहे.