शब्दकोड्यातील घर आणि मराठी अक्षर

दैनिकाच्या आतल्या पानावर कोपऱ्यात छापले जाणारे शब्दकोडे भाषाशास्त्राच्या अभ्यासाचा विषय होऊ शकते, असे सहसा कोणास वाटत नाही. वेळ घालविण्याचे साधन, फार तर शब्दसंग्रह वाढविण्याचा एक मार्ग, एवढीच त्याची ख्याती. परंतु कोडे रचणाऱ्यास प्रारंभीच एका प्रश्नाचा निर्णय करावा लागतो आणि तो प्रश्न मोठमोठ्या वैयाकरणांनाही चुकलेला नाही. एका घरात नेमके काय लिहावयाचे?

इंग्रजीत हा प्रश्न उद्भवलाच नाही. आर्थर विन याने २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ ह्या पत्राच्या रविवारच्या अंकात हिऱ्याच्या आकाराचे आपले पहिले कोडे प्रसिद्ध केले. तेव्हा एका घरात एक रोमन लिपिचिन्ह बसावयाचे हे गृहीतच होते. मराठीपुढे मात्र दोन पर्याय होते. ‘पुस्तक’ ह्या शब्दात प्, उ, स्, त्, अ, क्, अ असे सात वर्ण आहेत. अक्षरे मात्र पु, स्त, क अशी तीनच. मराठी शब्दकोड्याने वर्ण नाकारून अक्षर पत्करले आणि सोडविणाऱ्यांपैकी कोणासही त्यात काही ठरविण्यासारखे आहे असे वाटले नाही. ही निःशंकता अर्थपूर्ण आहे.

तिच्यामागे जुना संस्कार आहे. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’च्या पंधराव्या आणि माघाच्या ‘शिशुपालवधा’च्या एकोणिसाव्या सर्गात सर्वतोभद्र नावाचा चित्रबंध आढळतो. आठ आठ अक्षरांचे चार चरण एकाखाली एक लिहावयाचे, तेच पुन्हा उलट क्रमाने मांडावयाचे, म्हणजे चौसष्ट घरांचा चौरस तयार होतो. तो उजवीकडून, डावीकडून, वरून वा खालून वाचला तरी श्लोक तोच राहतो. तेथेही एका घरात एक अक्षरच असते. मोठ्या अभंगाच्या चरणांत ६, ६, ६ आणि ४ अशी जी गणना होते, तीही अक्षरांचीच. ज्या भाषेत शतकानुशतके शब्दांची मोजदाद ह्या मापाने झाली, तिच्यात नवा खेळ आला तरी माप जुनेच राहिले.

मापाचा परिणाम खेळावर होतो. इंग्रजी कोड्यात आडवा आणि उभा शब्द जेथे छेदतात, तेथे सव्वीस चिन्हांपैकी एक असते. मराठीत चौतीस व्यंजनांची बाराखडी घेतली तरी ४०८ अक्षरे होतात, जोडाक्षरे निराळीच. म्हणून मराठीत छेदाच्या घरात एक अक्षर हाती आले की पुष्कळच हाती येते. तीन घरांच्या शब्दातील मधले अक्षर ‘स्त’ आहे एवढे कळल्यावर विचारात घ्यावयाचे शब्द मूठभर उरतात. सोडविणाऱ्याची ही सोय रचणाऱ्याची अडचण असते. एकाच अक्षरावर दोन शब्द जुळविणे कठीण, त्यामुळे मराठी चौकटीत शब्द आखूड आणि काळी घरे अधिक.

काही शब्द तर चौकटीत सामावतच नाहीत. गंमत अशी की, ‘शब्द’ हा त्यांपैकीच एक आहे. ‘ब्द’ने आरंभ होणारा शब्द मराठीत नाही. हे अक्षर ज्यांच्या पोटात वा शेवटी येते असे रूढ शब्द म्हणजे खुद्द ‘शब्द’चे समास आणि ‘अब्द’ व त्यापासून झालेले ‘शकाब्द’, ‘ख्रिस्ताब्द’ यांसारखे सामासिक शब्द. ‘अब्द’ म्हणजे मूळ अर्थाने पाणी देणारा, अर्थात मेघ, पुढे वर्ष. शब्दकोड्यात ‘शब्द’ घालावयाचा तर ते घर छेदाविना सोडावे, नाही तर मेघाला बोलवावे.

याच्या उलट टोकास काही शब्द वारंवार भेटतात. इंग्रजी कोड्यांत एमू पक्षी किंवा एरी सरोवर यांची वर्णी लागते ती त्यांच्या महत्त्वामुळे नव्हे. थोड्या चिन्हांत स्वर अधिक, म्हणून. मराठीत सुटा स्वर सांधण्यास उपयोगी पडत नाही, कारण तो बहुधा शब्दारंभीच येतो. ‘आई’, ‘भाऊ’ यांसारखे शब्द थोडे. मराठीतील खरे सांधे म्हणजे मात्रा-वेलांटीविना असणारी क, न, म, र, ल, स ही अक्षरे. म्हणून ‘कनक’, ‘नयन’, ‘सदन’, ‘नग’ यांना तेथे नित्य मागणी. ‘कनक’ दोन्ही बाजूंनी सारखाच वाचला जातो, आणि सोने व धोतरा हे त्याचे दोन अर्थ शोधसूत्रास आयतेच सापडतात. ‘नग’ म्हणजे न चालणारा, म्हणून पर्वत. ‘अननस’ हा तर चार घरांचा आणि एकही मात्रा नसलेला शब्द; तो पोर्तुगीजांकरवी आला, आणि पोर्तुगीजांनी तो ब्राझीलमधील तुपी भाषेतून उचलला होता. सूर्यवाचक ‘मिहिर’ संस्कृत कोशात मानाने बसला असला तरी त्याचे मूळ इराणी ‘मिह्र’मध्ये आहे. यांपैकी पुष्कळ शब्द आज कोणी बोलत नाही. ते समजतात ते कोड्यांच्या आधारानेच, असे म्हणण्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

येथवरच्या विवेचनावरून, अक्षर हाच मराठी भाषकाच्या उच्चाराचा घटक आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. ‘पुस्तक’ बोलताना त्याचे ‘पुस्’ आणि ‘तक्’ असे दोन अवयव पडतात. ‘स्त’ हे अक्षर उच्चारात दुभंगते. ‘कमल’ लिहिण्यास तीन घरे लागतात, उच्चार मात्र ‘क-मल्’ असा द्व्यवयवी होतो. आता ‘कमल’ आडवा आणि त्याच्या शेवटच्या घरातून ‘लहर’ उभा लिहिला आहे असे समजावे. घर एक, अक्षर एक. परंतु आडव्या वाचनात त्यातील अकार मुका आहे आणि उभ्या वाचनात तो स्पष्ट ऐकू येतो. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील ‘चा’ असाच. पहिल्यातील च तालव्य, दुसऱ्यातील दंततालव्य; घराला तो भेद ठाऊक नाही. सोडविणाराही अडखळत नाही. म्हणजे त्याच्या मनात त्या क्षणी ध्वनी नसून लेखन असते. शब्दकोडे हा पुरावा आहे, पण तो लिखित भाषेचा. पदव्युत्तर प्रबंधांत ह्या दोहोंची गल्लत होताना आढळते, म्हणून एवढे विस्ताराने सांगणे भाग पडले.

लेखनाशी असलेली ही बांधिलकी किती घट्ट आहे हे शुद्धलेखनाच्या नियमांनी दाखवून दिले. मराठी साहित्य महामंडळाचे नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केले. तत्पूर्वी ‘कवि’ हे तत्सम रूप ऱ्हस्वान्त लिहिले जाई व त्याच्या अन्त्य घरातून ‘विजय’ सुखाने खाली उतरे. ‘कवी’ झाल्यावर तेथे ‘वीज’ किंवा ‘वीणा’ शोधणे आले. ‘गुरु’ची ‘रुमाला’शी असलेली सोयरीकही अशीच तुटली. काही रचनाकार ऱ्हस्व-दीर्घाचा भेद न मानण्याची सवलत घेतात. काटेकोर वाचकांस ती खपत नाही. परंतु चित्रबंधात अनुस्वार-विसर्गाच्या न्यूनाधिकतेने बंध मोडत नाही, अशी मुभा संस्कृत आलंकारिकांनीही दिलेली होती, हे त्यांनी ध्यानात घ्यावे. नियमांनी घेतले तसे काही दिलेही. अनुच्चारित अनुस्वार गेल्यामुळे अभिधान ह्या अर्थाचे ‘नांव’ आणि होडी ह्या अर्थाची ‘नाव’ एकाच दोन घरांत राहू लागली, आणि ‘बुडते तीही हीच, बुडविले जाते तेही हेच’ यासारखे शोधसूत्र रचण्याची सोय झाली.