तीन दिवसांचा काळोख

पुण्यात १८७४ मध्ये हिब्रू-मराठी सचित्र ‘हग्गादा’ छापली गेली. बेने इस्रायली या मराठी ज्यू समाजाच्या घरांत वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची ही पोथी. देवाने मिसरावर (इजिप्तवर) आणलेल्या, तिच्यातल्या दहा पीडांपैकी नववी अंधाराची: तीन दिवस हाताला लागेल असा काळोख, कोणी जागचे हलेना; तिथे गुलाम असलेल्या इस्राएलांच्या घरांत मात्र उजेड. काही अभ्यासक यामागे वाळूचे वादळ पाहतात. मग तो उजेड कुठला? कथेचा रोख हवामानावर नाहीच. मिसरी सूर्यदेव ‘रा’ची हार दाखवण्यावर आहे, हे वाचन अधिक पटते. पुढे सीनाय पर्वतावर इस्राएलांचा नेता मोशे देवाजवळ जातो तोही दाट अंधारातच. तिथे अंधार देवाचा पडदा होतो. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात तर प्रकाश आणि अंधार दोन्ही एकाच देवाने घडवलेले आहेत.